जीपचा टप आणि दारें : एक औचित्यविचार

अलंकारशास्त्रांत जे वाद शतकानुशतकें चालले ते केवळ काव्यापुरतेच आहेत, अशी आपली एक सोयीस्कर समजूत असते. वस्तुतः माणसाच्या हातची कोणतीहि वस्तु घ्या. अंग कोणतें आणि अलंकार कोणता, एकरूपता कशांत असते, सोय व शोभा यांचा झगडा झाल्यास माघार कोणी घ्यावी, हे प्रश्न तिच्यापुढें उभे राहतातच. आज आम्ही हे प्रश्न एका मोटारीच्या निमित्तानें पाहणार आहों; आणि तेहि संबंध मोटारीच्या नव्हे, तर तिच्या उतरवितां येणाऱ्या कडक टपाच्या व दारांच्या निमित्तानें. वाङ्मयाच्या मासिकांत लोखंडी दारांना जागा कां, असें कोणी विचारील. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९५१ सालीं निवडक आठ मोटारींचें प्रदर्शन भरविलें, त्यांत भपकेदार गाड्यांच्या पंक्तीला जीपहि बसविली होती. कलेच्या पारख्यांना जिची परीक्षा करतांना कमीपणा वाटला नाहीं, तिच्याविषयीं चार शब्द लिहितांना आम्हीं तरी संकोच कां बाळगावा?

ही गाडी जन्मली तीच उघडी. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत अमेरिकन सैन्यानें टेहळणीसाठीं एक हलकी, चारी चाकांना जोर असलेली गाडी मागितली. पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील बटलर गांवच्या बँटम कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्यें सैन्याच्या हवालीं केला. पुढें टोलेडोची विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीप गाड्या बनविल्या. या गाडीला दारें नव्हतीं. दाराच्या जागीं बाजूच्या पत्र्यांत एक वळणदार खांच होती. शिपायानें तींतून आंत उडी मारावी व तशीच बाहेर मारावी. डोक्यावर कापड, आणि तेंहि वाटेल तेव्हां गुंडाळून ठेवण्याजोगें. पुढची काच दुमडून बॉनेटवर आडवी करतां येई. दाखविण्यासाठीं म्हणून काढलेली एकहि रेषा या आकृतींत नव्हती, आणि म्हणूनच ती आकृति पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरली.

१९४५ सालीं तीच गाडी शेतकऱ्यासाठीं बाजारांत आली. शेतकऱ्याला गोळ्यांचें भय नव्हतें; पण उत्तर अमेरिकेच्या हिंवाळ्याचें होतें. स्वतंत्र कारखानदार पत्र्याच्या आयत्या खोल्या करून जीपवर बसवूं लागले. त्या गाडीचें संरक्षण करीत, पण दिसत मात्र उसन्या अंगरख्यासारख्या. मूळ कारखान्यानें ही उणीव भरून काढली ती १९७६ सालीं. ‘सीजे सात’ या नांवाच्या नमुन्यांत जुनी वळणदार खांच जाऊन दाराला साजेशी चौकट आली, आणि साच्यांत घडविलेला कडक टप व पोलादी दारें कारखान्यांतूनच मागवितां येऊं लागलीं. १९८७ च्या नमुन्यापासून या घराण्यानें ‘रँग्लर’ हें नांव घेतलें. १८९९ सालीं केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेल्या रघुनाथराव परांजपे यांच्यामुळें महाराष्ट्रांत हा शब्द गणिताच्या वहीचा वास घेऊन येतो. अमेरिकेंत त्याचा अर्थ घोड्यांचे कळप राखणारा माणूस. गाडीला दुसराच अर्थ अभिप्रेत आहे, हें सांगावयास नकोच.

या इतिहासांतून एक गोष्ट निघते. इतर मोटारींस छप्पर असतें व कोणी हौशी माणूस तें कापून टाकतो. जीपला छप्पर नव्हतें व तें मागाहून दिलें गेलें. दिलेलें परत काढून घेण्याची मुभा ठेवणें हा तिच्या स्वभावाचाच भाग आहे. तिचीं दारें बिजागरीच्या खुंट्यांवर बसविलेलीं असतात. खालचे नट सोडवावे, आंतला पट्टा व विजेच्या तारांची जोडणी मोकळी करावी, आणि दार सरळ वर उचलावें कीं तें हातांत येतें. टप उतरविण्यास दोन माणसें लागतात. बाजूचे बोल्ट काढावयाचे, पुढच्या काचेवरील खिट्ट्या सोडावयाच्या, मागच्या काचेची तार व पाण्याची नळी विसरावयाची नाहीं. एकटा माणूस असेल तर तो मोटारखान्याच्या आढ्याला कप्पी बांधून टप अधांतरीं टांगून ठेवतो. २०१८ च्या नमुन्यापासून तर बिजागरीवरच, कोणत्या मापाचा पाना लागेल तें कोरून ठेविलेलें असतें. ज्या वस्तूवर ती उकलण्याची कृति लिहिलेली आहे अशी वस्तु आम्हांला फार थोडी ठाऊक आहे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. टप आणि दारें हीं गाडीशीं जुळतीं असावींत, ही अपेक्षा सर्वमान्य आहे. पण जुळणें म्हणजे काय? बहुतेकांच्या मनांत त्याचा अर्थ एकच असतो : गाडी लाल तर दारें लाल आणि टपहि लाल. या मताला आमचा विरोध आहे; निदान त्याच्या उत्तरार्धाला तरी आहे. दारांविषयीं आमची तक्रार नाहीं. दार हें गाडीच्या बाजूच्या प्रतलांतच असतें. पुढच्या चाकापासून निघालेली रेषा दारावरून सरळ मागें जाते. तेथें रंग तुटला तर गाडीचे दोन तुकडे दिसूं लागतात. पांढऱ्या जीपला कोणी जुन्या बाजारांतून निळें दार आणून बसविलें म्हणजे तें दार जखमेवरील पट्टीसारखें दिसतें. दार उतरण्याजोगें असलें तरी तो अवयव आहे.

टपाची गोष्ट निराळी. जीपच्या बाजूचा पत्रा कमरेएवढ्या उंचीवर एका आडव्या कडेशीं संपतो, आणि तेथें तिचें शरीरहि संपतें. त्यापुढें जें वर चढतें तें पागोटें आहे. पुणेरी लाल पगडी पांढऱ्या अंगरख्यावर शोभत नव्हती असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. क्षेमेन्द्रानें अकराव्या शतकांत औचित्याला काव्याचें जीवित म्हटलें, तेव्हां त्याचा आग्रह सारखेपणाचा नव्हता. ज्याचें त्यानें आपल्या जागीं शोभावें एवढाच होता. टपानें टपासारखें दिसावें, आणि आपण उतरण्याजोगे आहों हें दुरूनच सांगावें.

येथें कोणी विचारील, मग एकरूपतेचें काय? काळा टप लाल गाडीवर उपरा नाहीं का वाटत? यावर आम्ही वाचकांना, विशेषतः वाचकभगिनींना, जुन्या लुगड्याची आठवण देतों. इरकली लुगड्यावर खणाची चोळी घालीत, ती लुगड्याच्या पोताच्या रंगाची नसे. ‘मॅचिंग’ हा शब्द घरोघर येण्यापूर्वीं जुळणी होई ती काठाशीं. हिरव्या लुगड्याचा काठ लाल, म्हणून चोळी लाल. रँग्लरच्या अंगावरहि असा काठ आहे. चाकांवरील रुंद पाखी, पुढचा-मागचा बंपर, पायरी, रबरी पट्ट्या, टायर, हें सर्व बहुधा काळें असतें आणि गाडीला खालून वेढून असतें. वरचा काळा टप या खालच्या काळ्या काठाला उत्तर देतो. मधला रंगीत पत्रा दोन काठांमध्यें बसतो. म्हणजे काळा टप जुळलेला नसतो असें नव्हे. तो अंगाशीं जुळलेला नसून काठाशीं जुळलेला असतो.

हा नियम किती खरा आहे याची साक्ष त्याच्या अपवादानेंच दिली आहे. २००७ सालीं आलेल्या पिढींत ‘सहारा’ नांवाच्या महागड्या प्रकाराला चाकांवरील पाखी अंगाच्या रंगाचीं मिळालीं, आणि टप मात्र काळाच राहिला. काठ नाहींसा झाला व चोळी जुनीच राहिली. ती गाडी पाहतांना कांहींतरी चुकल्यासारखें वाटे. पुढें २०११ पासून त्या प्रकाराला अंगाच्या रंगाचा टपहि मागवितां येऊं लागला. ही दुसरी योजना आम्हांला आवडत नाहीं, पण ती सुसंगत आहे हें कबूल केलें पाहिजे. तिच्यांत काठच नाहीं, सर्व एकरंगी शालू आहे. ज्याला जीप नको पण जीपचें नांव हवें, त्याला ती पुरी पडते.

इंग्लंडचें उदाहरण याहून बोलकें आहे. १९४८ च्या एप्रिलमध्यें ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर प्रथम लोकांपुढें आली. युद्धोत्तर इंग्लंडांत पोलादाची टंचाई होती म्हणून तिचें अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें गेलें. तिचीं दारें दोन मजली होतीं. खालचा भाग धातूचा, वरचा सरकत्या काचांचा भाग बोल्टांनीं जोडलेला. पुढच्या काळांत हिरव्या किंवा निळ्या अंगावर चुनखडीच्या फिकट रंगाचें छप्पर ही तिची ओळखच होऊन बसली. उष्ण देशांसाठीं तर छपरावर दुसरें छप्पर देत, मध्यें हवा खेळावयास मोकळी जागा. फिकट रंग ऊन परतवितो, दुसरें छप्पर सावली करतें. आणि या दोन्ही सोयींतून जें रूप निघालें तें कोणाहि रंगाऱ्याला सुचलें नसतें.

एवढें म्हणून थांबलों असतों तर प्रश्न सोपा झाला असता. परंतु आमच्या सिद्धान्ताला एक अडचण आहे आणि ती दारांकडूनच येते. जीपला दारें दोन तऱ्हेचीं मिळत आलीं आहेत. अर्धें दार कमरेच्या कडेशीं संपतें आणि त्याच्या वर कापडी खिडकी खोंवतात. पुऱ्या दाराला मात्र काचेभोंवतीं पोलादी चौकट असते, आणि ती चौकट अंगाच्याच रंगाची असते. शरीर जेथें संपलें असें आम्हीं म्हटलें, ती सीमा ओलांडून ही लाल चौकट काळ्या टपाच्या राज्यांत शिरते. पाहणाऱ्याचा डोळा चौकटीबरोबर वर चढतो आणि मग त्याला टपहि लाल हवासा वाटूं लागतो. जुळत्या टपाची मागणी निर्माण केली ती या चौकटीनें. कापडी टप आणि अर्धीं दारें असलेल्या गाडीचा मालक असा हट्ट धरीत नाहीं, कारण त्याच्या गाडींत सीमा शाबूत असते.

आमचा एक जुना विद्यार्थी ओहायओंत टोलेडोजवळ, म्हणजे रँग्लर जेथें बनते त्याच मुलुखांत, नोकरीनिमित्त स्थायिक झाला आहे. त्याच्याजवळ २००४ सालची लाल रँग्लर आहे. घेतली तेव्हां ती कापडी टपाची व अर्ध्या दारांची होती. मुलें झालीं, हिंवाळा जाचूं लागला, आणि त्यानें कडक टप व पुरीं दारें असा जोड जुन्या बाजारांत शोधावयास घेतला. हा शोध उपवर मुलीच्या बापानें करावा तितका कठीण असतो. १९९७ ते २००६ च्या पिढीचा टप पुढल्या पिढीस बसत नाहीं. त्या पिढींत टप काळा, पांढरा, मातकट अशा मोजक्याच रंगांत निघे, तर दारें गाडीच्या रंगाचीं. तेव्हां दारांचा रंग जुळावयास हवा आणि टपाचा निवडावयास हवा. विद्यार्थ्याला अखेर काळा टप व लाल दारें मिळालीं. रंगाचें नांव एकच, कारखाना एकच, पण दारें दक्षिणेंतील कोणाच्या अंगणांत वर्षानुवर्षें उन्हांत तापलेलीं. लाल रंग विटून विटकरीकडे झुकलेला. दिवसा तीं वेगळीं दिसत, संध्याकाळीं दिव्याखालीं सारखीं. दोन रंग एका प्रकाशांत जुळावे व दुसऱ्यांत फुटावे ही गोष्ट रंगशास्त्राला चांगली परिचित आहे. शिवाय तोच रंग पोलादाच्या गुळगुळीत पत्र्यावर एक दिसतो, आणि टपाच्या खरबरीत, काचतंतूंनीं बांधलेल्या पृष्ठावर दुसरा.

त्यानें आम्हांस लिहिलें, ‘‘सर, दारें रंगवून घेणारच आहें, पण घरांत म्हणतात कीं त्याच हातासरशीं टपहि लाल करून टाका. आपलें मत काय?’’ आम्हीं वरील सर्व विवेचन त्याला सविस्तर कळविलें. त्यानें तें आदरानें वाचलें असावें, आणि टप लाल करून घेतला.

परिणाम मात्र नोंदण्यासारखा झाला. रंगकाम उत्तम उतरलें, शेजाऱ्यांनीं वाखाणणी केली. आणि त्यानंतरचे दोन उन्हाळे गेले तरी तो टप एकदांहि खालीं उतरला नाहीं. उतरवितांना चरा पडेल, भिंतीला घासेल, कप्पीची दोरी रुतेल, अशी धास्ती. काळा खरबरीत टप ओरखडा पोटांत घालतो. चकचकीत लाल टप तो जगाला दाखवितो. जी गाडी उघडी करतां यावी म्हणून घेतली, ती जुळली म्हणून बंद राहिली. आमचा मूळ आक्षेप आहे तो येथें. रंगाचा सारखेपणा डोळ्याला समाधान देतो, पण हाताला भय घालतो, आणि हाताला भय घालणारी वस्तु जीप राहत नाहीं. याच्या उलट बाजूस हेंहि लिहिलें पाहिजे कीं, बर्फाच्या दिवसांत त्याचीं मुलें मागच्या बाकावर उबेंत बसून शाळेंत जातात, आणि त्यांच्या आईला आमच्या सौंदर्यविचाराची कांहीं एक गरज भासलेली नाहीं. तिची बाजू लहान नाहीं. पण उबेला लाल रंग लागत नाहीं; काळ्या टपाखालींहि ती तेवढीच मिळाली असती.

चौकटीच्या अडचणीवर उपाय आहे का? आहे, आणि तो प्रतिस्पर्ध्यानें काढला. १९६६ सालीं प्रथम निघालेली फोर्डची ‘ब्राँको’ मध्यंतरीं बंद पडली होती. २०२१ सालीं ती पुन्हां आली तेव्हां तिच्या दारांना काचेभोंवतीं चौकटच ठेवली नाहीं. काच खालीं गेली कीं दार कमरेशीं संपतें, आणि अंगाचा रंगहि तेथेंच थांबतो. वर काळा टप स्वस्थपणें बसतो. शिवाय बाजूचे आरसे दारावर न लावतां काचेच्या पायथ्याशीं अंगावरच लावले, त्यामुळें दारें उतरलीं तरी आरसे राहतात. रँग्लरचे आरसे दाराबरोबर जातात आणि मालकाला बिजागरीवर दुसरे आरसे बसवावे लागतात. रँग्लरचें दार निघूं शकतें. ब्राँकोचें दार, तें निघणार हें गृहीत धरूनच आंखलेलें आहे. पहिल्यांत परवानगी आहे, दुसऱ्यांत विचार आहे. परंतु फोर्डलाहि सर्व साधलें असें नाहीं. तिचा रंगविरहित, साच्यांतच काळा झालेला टप दमट हवेंत व पाण्यांत सापाच्या कातेसारखा दिसूं लागला, आणि कंपनीला त्याच वर्षीं तोंवर विकलेल्या गाड्यांचे टप बदलून देण्याचें जाहीर करावें लागलें. गळतीपेक्षां दिसण्याची तक्रार मोठी होती. प्रामाणिक काळ्या रंगालाहि कातडी चांगली लागते, एवढा बोध कारखानदारांनीं त्यावरून घेतला असेल.

आपल्याकडे जीप १९४७ पासून येऊन रुळली. महिंद्र मंडळींनीं त्या सालीं विलीजच्या गाड्या येथें जुळविण्यास आरंभ केला. मामलेदार, जंगलखात्याचे अधिकारी, निवडणुकीचे उमेदवार यांच्या त्या कापडी टपाच्या जीप गाड्या महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनीं पाहिल्या आहेत. कोंकणच्या पावसांत कापडी पडद्यांतून पाणी आंत येई, म्हणून तालुक्याच्या गांवचा लोहार-सुतार मिळून पत्र्याचा टप करून देत. तो कशाशींच जुळत नसे. आज नाशिकला बनणारी ‘थार’ २०२० सालापासून कापडी व कडक अशा दोन्ही टपांत मिळूं लागली. अंग लाल असो कीं हिरवें, कडक टप काळा. रूप आमच्या मताप्रमाणें बरोबर आहे. पण तो कडक टप मालकानें रविवारीं सकाळीं सहज उतरवून अंगणांत ठेवावा अशा बेताचा नाहीं. उतरण्याजोगा दिसणारा आणि न उतरणारा टप, हा रँग्लरच्या लाल टपाचा उलटा दोष आहे.

उलट जुन्या जीपचा मालक आपल्या हौसेनें पत्र्याचा कडक टप चढवूं म्हणेल, तर त्याला रंगाऱ्याच्या आधीं वकील गांठावा लागेल. मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत फेरफार करण्यावर मर्यादा घालतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असे फेरफार करतां येत नाहींत असा निर्वाळा दिला. तेव्हां येथें टप अंगाशीं जुळतो कीं काठाशीं, हें पाहण्याअगोदर तो नोंदणीच्या पुस्तकाशीं जुळतो कीं नाहीं, तें पाहिलें जातें.